परातीतले पाणी आणि आग्नेसबाई



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, असा अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेखणी हाती येते ती वाण्याची यादी करायला, नाही तर दुधाचा हिशेब मांडायला. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्यापायी एका परदेशी बाईंचा इतिहास मला कळला. तो आपल्या कानी घालावा, म्हणून हे धाडस.

दुपारी माझा जरा डोळा लागला होता. उठून पाहते तो काय, धाकटीने ओट्यावर परातीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड पसरलेली, आणि साबणाचे बोट ती त्यात बुडवीत होती. महागामोलाच्या मिरपुडीची ती दशा पाहून माझा पारा चढला. "आई, एकदा बघ तरी," असे ती म्हणत होती. मी परात मोरीत ओतली आणि तिला एक धपाटाही घातला. रात्री पोर न जेवताच झोपली. तिच्या उशाशी वाचनालयाचे पुस्तक उघडेच होते. ते मिटून ठेवावे म्हणून उचलले आणि वाचतच बसले.

त्या प्रयोगाखाली आग्नेस पॉकेल्स या बाईंची हकीकत दिली होती. त्यांचा जन्म १८६२ साली व्हेनिस शहरी झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. त्यांना हिवतापाने ग्रासले, तेव्हा १८७१ साली हे कुटुंब जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथे राहावयास आले. आग्नेसबाईंना शाळेत शास्त्र विषयाची फार गोडी. परंतु त्या काळी तेथील विद्यापीठांत मुलींना प्रवेश नसे. धाकटा भाऊ फ्रिड्रिख पदार्थविज्ञान शिकावयास गेला आणि आग्नेसबाई घरी राहिल्या. स्वयंपाकपाणी आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा त्यांच्या वाट्याला आली.

भांडी घासताना तेलकट आणि साबणाच्या पाण्याचे निरनिराळे वागणे त्यांच्या नजरेस आले, असे सांगतात. भाऊ पुस्तके पाठवी, ती त्या वाचीत. विशीच्या सुमारास त्यांनी घरातच एक साधन तयार केले. पत्र्याचे एक लांबट, उथळ पात्र. सत्तर सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि दोन खोल. ते पाण्याने काठोकाठ भरायचे आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की पाण्याच्या पृष्ठभागाची जागा कमीजास्त होते. शिवाय औषधाच्या दुकानातल्यासारखा लहान तराजू घेऊन, पाण्याला टेकलेली बटणाएवढी चकती वर ओढून काढण्यास किती जोर लागतो, हे त्या मोजीत. पाण्यावर तेलाचा अगदी पातळ थर असला, तर जागा आवळत नेताना प्रथम फारसा फरक पडत नाही; पण एका ठराविक मर्यादेनंतर पाण्याची ओढ झपाट्याने उतरते, असे त्यांना आढळले.

हे सारे दहा वर्षे घरातच राहिले. पुढे इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करीत आहेत, असे त्यांच्या वाचनात आले. जानेवारी १८९१ मध्ये आग्नेसबाईंनी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. आपल्याला हे शास्त्रीय मासिकांतून छापून आणता येण्याजोगे नाही, हेही कळवले. लेडी रॅले यांनी पत्राचे भाषांतर केले आणि लॉर्ड रॅले यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले. १२ मार्च १८९१ रोजी ते छापून आले. ती ठराविक मर्यादा म्हणजे तेलाचा थर अवघा एका रेणूच्या जाडीचा होण्याची खूण, असे अनुमान १८९९ साली रॅले यांनी काढले. तसल्याच पात्रात सुधारणा करून अमेरिकेच्या लँगम्यूर यांनी संशोधन केले आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली ब्राउन्श्वाइगच्या विद्यापीठाने सत्तर वर्षांच्या आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९३५ साली त्या निवर्तल्या.

मैत्रिणींनो, खरे सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. भाऊ तालुक्याला गेला. आई आजारी, म्हणून मी घरी राहिले. त्याने मला पुस्तके पाठवली नाहीत; पण मीही कधी मागितली नाहीत. चाळीशी उलटेपर्यंत हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आणि माझी मुलगी "बघ तरी" म्हणाली, तर मी परात मोरीत ओतली!

सकाळी मीच परातीत पाणी घेतले, मिरपूड भुरभुरली आणि धाकटीला हाक मारली. तिने साबणाचे बोट मध्यभागी टेकवताच सारी पूड झर्रकन काठाला पळाली. ती मला समजावून सांगू लागली. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा असतो. साबण लागला तेथे ताण सैल पडतो आणि भोवतालचे पाणी पुडीला आपल्याकडे ओढून नेते. मग आम्ही दोऱ्याच्या टोकांना गाठ मारून त्याचे कडे पाण्यावर तरंगत ठेवले. आत साबणाचे बोट लावताच वेडावाकडा दोरा बांगडीसारखा गोल झाला. इतकी वर्षे भांडी घासली, पण हे काही माझ्या नजरेस पडले नव्हते.

म्हणून एक विनंती. हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग हे आपण करतोच. यंदा महिन्यातून एक दुपार आळीतल्या मुलामुलींसाठी ठेवावी. परात, पाणी, दोरा आणि साबणाचा तुकडा एवढेच साहित्य लागेल. मिरपूड मी घरून आणीन.