जगात जर्मनी, दारात फियाट

परभणीच्या माणसाला दोन म्हणी जन्मजात पाठ असतात. पहिली 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आणि दुसरी 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. पहिलीचा अर्थ बाहेरगावची माणसं आम्हांला हसत हसत समजावून सांगतात. दुसरीचा अर्थ आमचा आम्हांलाही नीटसा ठाऊक नाही. पण म्हणताना छाती दोन इंच फुगते, तेवढं पुरे. जर्मनीशी आपला संबंध या म्हणीपुरताच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग अण्णांच्या फियाटचा रेडिएटर फुटला, आणि हा संबंध चांगलाच जुना असल्याचं कळलं.

अण्णांची फियाट म्हणजे १९६८ सालची फियाट ११०० डी. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. नाव इटलीचं, पण जन्म कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या फियाटी घडल्या. पुढे हीच गाडी थोडा मेकअप करून पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून पोटापाण्याला लागली. त्या काळी नवी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अण्णांना एवढा धीर नव्हता आणि एवढा पैसाही नव्हता. म्हणून १९८४ साली, गाव सोडून निघालेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ही जुनीच घेतली. डॉक्टर गेले, गाडी राहिली, आणि डॉक्टरांची जागा मेकॅनिकांनी घेतली.

अण्णा गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. कागदपत्रांचं नूतनीकरण मी वेळच्या वेळी करत होतो, कारण बँकेत आम्हांला तेवढंच शिकवतात. वर्षश्राद्ध मे महिन्यात आलं. गंगाखेडला गोदावरीकाठी करायचं ठरलं.

मी म्हटलं, "आई, भाड्याची गाडी सांगतो. एसी असते."

आई म्हणाली, "ह्यांच्याच गाडीत जायचं."

"अगं, ती निघेल का?"

"ती कधी स्वतःहून निघाली होती? काढावी लागते."

या युक्तिवादावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. मी रविवारी गाडी काढली. स्टेशन रोडपर्यंत गेलो आणि बॉनेटमधून वाफ निघाली. आमच्या गाडीत पाण्याचं तापमान दाखवणारी तेवढी एकच भरवशाची यंत्रणा आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनमाडहून येणारं कोळशाचं इंजिन बंद झाल्यापासून परभणीत एवढी वाफ कुणी पाहिली नव्हती.

उस्तादांनी रेडिएटर खोलून उन्हात धरला. वरून तांब्याभर पाणी ओतलं. खालून ते सरकारी अनुदानासारखं आलं: उशिरा आणि थोडं. "साहब, अंदर चुना जमा है," उस्ताद म्हणाले, "और जाली गल गई. मर्ज पुराना है."

मर्ज पुराना होताच. चाळीस वर्षं आम्ही तिला बोअरचं पाणी पाजलं. तेच क्षार आमच्या गिझरमध्ये, किटलीत आणि (डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे) माझ्या मूत्रपिंडात आहेत. गाडीनं बिचारीनं कुटुंबाचा आहार घेतला होता.

उस्तादांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, भंगारातून पद्मिनीचा जुना रेडिएटर शोधायचा. मापं जुळली तर नशीब. दुसरा, अ‍ॅल्युमिनियमचा नवा बनवून आणायचा. तिसरा, वरची आणि खालची पितळी टाकी आपलीच ठेवायची आणि मधली जाळी तेवढी नवी, तांब्यापितळेची बसवायची. "सोच के बोलो," ते म्हणाले. विचार करायला सांगितल्यावर कारकून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे जुनी फाईल काढणं. मी रेडिएटरची फाईल काढली, आणि ती थेट जर्मनीत उघडली.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या मोटारीचं पेटंट मागितलं. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी, ते तापून उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. पाणी संपलं की पुन्हा ओता. म्हणजे स्टेशन रोडवर आमच्या गाडीनं जे केलं तो बिघाड नव्हता. तो मूळ आराखडा होता.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीनं माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरावर किलोमीटर. नवऱ्याची गाडी न सांगता काढून माहेरी जाणारी जगातली ती पहिली बाई. वाटेत इंधन संपलं, तर वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचा द्रव घेऊन टाकीत ओतला. नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि पाणी? जिथे मिळेल तिथे, प्रत्येक थांब्यावर. चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची. हे वाचताना माझे डोळे भरून आले. फक्त टोपीऐवजी पदर घाला, की १९८७ सालची आमची जिंतूरची सहल झाली. ढकलणाऱ्यांत मी होतो.

या पाण्याच्या त्रासावर खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनी. दहाव्या वर्षी पोरका झालेला, संस्थेत वाढलेला हा मुलगा पुढे डाइम्लरचा मुख्य इंजिनिअर झाला. १९०० साली त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळकांड्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या. नळकांड्यांतून वारा, त्यांच्या सभोवार पाणी आणि मागे पंखा. तेच पाणी फिरून फिरून थंड व्हायचं. नऊ लिटरमध्ये पस्तीस अश्वशक्तीचं इंजिन भागलं. ती गाडी येलिनेक नावाच्या व्यापाऱ्यानं मागवली होती आणि तिला त्याच्या लेकीचं नाव दिलं गेलं: मर्सिडीज. म्हणजे आज जी मर्सिडीज रुबाबानं जाते, तिच्या थोरपणाचा पाया ८,०७० डागांवर उभा आहे.

जाता जाता एक गंमत. 'रेडिएटर' म्हणजे उष्णतेची किरणं फेकणारा. प्रत्यक्षात तो ते काम फार थोडं करतो. बहुतेक उष्णता जाळीतून जाणारा वारा उचलून नेतो. नाव एक, काम दुसरं. आमच्या बँकेतल्या 'चौकशी' खिडकीसारखं.

असो. फाईल वाचून झाली, आता शेरा मारायचा होता.

आमच्या हेडकॅशियरांनी अ‍ॅल्युमिनियमची बाजू घेतली. त्यात तथ्यही होतं. तांबं उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस. पण अ‍ॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं आणि स्वस्त. त्यामुळे नव्या मोटारींनी तांब्याला केव्हाच सेवानिवृत्ती दिली. "नवीन घे, विषय संपव," हेडकॅशियर म्हणाले. ते स्वतः दर दोन वर्षांनी मोबाइल बदलतात आणि तरी एकदाही फोन उचलत नाहीत.

मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "अल्मुनियम अच्छा है. मगर उसको कूलंट होना. रस्ते में बोर का पानी डाले तो अंदर से खाएगा. और गंगाखेड के रस्ते पे फटा तो टांका कौन मारेगा? मेरे पास उसका इलाज नहीं."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तू घेताना ती किती चांगली आहे हे आपण बघतो. ती बिघडली तर आपल्या गावात कोण आहे, हे बघत नाही. पितळी रेडिएटरला कथील आणि शिशाचा डाग लागतो. ज्याला तांब्याच्या घागरीची गळती बंद करता येते, त्याला रेडिएटरही समजतो. बर्थाबाई माहेरी पोचल्या त्या गाडी उत्तम होती म्हणून नव्हे. गाडी वाईटच होती. पण तिचं प्रत्येक दुखणं औषधवाला आणि चांभार यांच्या आवाक्यातलं होतं.

राहिला भंगारातला पर्याय. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि ती रस्त्यावरून गेली. तिच्या भावंडांचे रेडिएटर कुठे ना कुठे पडलेले असणारच. पण दुसऱ्याच्या रेडिएटरमध्ये दुसऱ्या गावच्या बोअरचा चुना. आपला चुना काय वाईट होता?

एका परिचितांनी भलताच सल्ला दिला. "पन्नास वर्षांपुढची गाडी ना? व्हिंटेज म्हणून नोंदव. मान मिळेल." मी २०२१ चा नियम काढून वाचला. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. मान मिळतो तो बसून राहण्याच्या अटीवर. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मलाही सगळे तेच सांगतात."

खरा निकाल दिला अण्णांच्या वहीनं. ते शिक्षक, पण हिशेब माझ्याहून चोख. वहीत रेडिएटरचं स्वतंत्र पान होतं. '१९८७, जिंतूर, एक डाग.' ती सहल. '१९९२, मानवत, दोन डाग.' ताईला बघायला गेलो होतो तो दिवस. उशीर झाला आणि तरी जमलं. '१९९९, सेलू, एक डाग.' माझी बँकेची परीक्षा. मी पितळी टाकी हातात घेऊन मोजलं. अकरा नोंदी, अकरा डाग. मराठीत डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे धातूचा जोड, आणि डाग म्हणजे दागिनाही. तिन्ही अर्थ एका टाकीवर एकत्र मी पहिल्यांदाच बघत होतो.

"उस्ताद, टाकी हीच ठेवा. जाळी नवी."

"मैं यही बोलनेवाला था," उस्ताद म्हणाले. मग आधी का नाही बोलले, हे मी विचारलं नाही. त्यांनी टोपणही नवं दिलं. त्यात स्प्रिंग असते. आत दाब राहतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी तापावं लागतं. कुकरचंच तत्त्व, फक्त उलट्या हेतूनं: इथे काही शिजू नये अशी इच्छा असते.

आता माझ्यापुढे शास्त्रीय प्रश्न उभा राहिला. हा खर्च भांडवली की महसुली? गाडीची ताकद वाढली तर भांडवली, होती तशी राहिली तर महसुली. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "घरचा." असं खातं आमच्या बँकेत नाही.

आम्ही पहाटे निघालो. पोखर्णीच्या अलीकडे एक लिंब आहे. तिथे अण्णा न चुकता थांबायचे, बॉनेट उघडायचे, इंजिन निवेपर्यंत विडी ओढायचे आणि कॅनमधलं पाणी घालायचे. या वेळी वाफेचा मागमूस नव्हता. मी लिंबापाशी वेग कमी केला नाही.

"थांबव," आई म्हणाली.

"अगं, तापली नाही. गरज नाही."

"थांबव म्हटलं ना."

थांबवली. आई उतरली. मागच्या सीटखालचा अण्णांचा कॅन तिनं रात्रीच भरून ठेवला होता. बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, गरम इंजिनाचं टोपण उघडायचं नसतं, भाजतं. ती म्हणाली, "माहीत आहे. त्यांचा हात दोनदा भाजला होता." आणि तिनं सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं.

घटत्या शिलकीच्या पद्धतीनं घसारा काढला तर वस्तूची किंमत दरवर्षी कमी होत जाते, पण कधीच शून्य होत नाही. बी.कॉम.ला हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. गंगाखेड आलं तेव्हा सूर्य वर आला होता, आणि गाडी थंड होती. संध्याकाळी घरी आल्यावर मी अण्णांच्या वहीत त्याच पानावर लिहिलं: 'गंगाखेड. डाग नाही.'