मराठीच्या आठ शब्दजाती आल्या कुठून? (थ्रेड)

मालाडमधल्या मराठी शाळेत एका तासाला शब्दांच्या आठ जाती शिकवल्या जातात, दुसऱ्या तासाला इंग्रजीचे ‘पार्ट्स ऑफ स्पीच’. नाम म्हणजे नाउन, सर्वनाम म्हणजे प्रोनाउन, उभयान्वयी अव्यय म्हणजे कंजंक्शन. भाषा दोन, पण खाने जवळजवळ तेच. हा योगायोग नव्हे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ सालचा, मुंबईतला. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्येच बंगालातील श्रीरामपूरला छापले गेले होते. पण ते इंग्रजीत होते, मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यांसाठी. दादोबांनी मराठीचे व्याकरण मराठीत मांडले, आणि त्यासाठी नमुना घेतला तो लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा.

मरे हा मूळचा अमेरिकन वकील आणि व्यापारी, पुढे इंग्लंडातील यॉर्कजवळ स्थायिक झालेला. तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने लिहिलेले पुस्तक १७९५ मध्ये निघाले आणि इंग्रजी जगभर पसरले. त्यात शब्दांच्या जाती नऊ होत्या. नववी ‘आर्टिकल’, म्हणजे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’. मराठीत ती नाहीच. ती वगळली की उरतात आठ.

रोमन वैयाकरणांपुढेही हाच प्रश्न आला होता. ग्रीकांच्या आठ जातींत आर्टिकल होते, लॅटिनमध्ये नव्हते. त्यांनी ते काढून केवलप्रयोगी शब्दांना वेगळी जात दिली आणि आठ हा आकडा राखला! या आकड्याला निसर्गनियमाचा मान देण्याचे कारण नाही.

आपल्याकडे तर हिशेबच निराळा होता. यास्काने पदांचे चार वर्ग मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीने दोनच : सुबन्त आणि तिङन्त. संस्कृतात विशेषणाला नामाचेच प्रत्यय लागतात, म्हणून त्याला स्वतंत्र जात देण्याची गरज पडली नाही. मराठीने जुने संस्कृत शब्द घेतले, पण ते इंग्रजी खान्यांवर चिकटवले. ‘सर्वनाम’ हे याचे गमतीदार उदाहरण. पाणिनीच्या लेखी ही शब्दांची एक यादी आहे. तिचा आरंभ ‘सर्व’ या शब्दाने होतो, म्हणून ते नाव. ‘नामाऐवजी येणारा शब्द’ ही शालेय व्याख्या मात्र युरोपीय वळणाची. परिणाम असा की ‘सर्व मुले’ यातला ‘सर्व’ आज विशेषणांत मोडतो; ज्याच्यावरून जातीला नाव पडले, तोच तिच्याबाहेर.

तरीही हे सारे आंधळे अनुकरण ठरवणे अन्यायाचे होईल. ‘प्रेपोझिशन’ या नावातच ‘आधी ठेवलेला’ हा अर्थ आहे. मराठीत तो शब्द मागून येतो, नामाला चिकटतो आणि नामाचे रूपही बदलतो : ‘स्टेशन’चे ‘स्टेशनासमोर’ होते. मराठी व्याकरणाने ‘पूर्व’ या अर्थाचा शब्द उचलला नाही. ‘शब्दयोगी’ असे नाव स्वीकारले, म्हणजे शब्दाशी जोडला जाणारा. खाना परका, पण त्यावरचे नाव मराठीचा स्वभाव ओळखणारे.

जिथे खाने तोकडे पडतात, तिथे वाद उरतोच. ‘मालाडचा रस्ता’, ‘मालाडची गल्ली’, ‘मालाडचे स्टेशन’ ही रूपे पाहा. परंपरेने ‘मालाडचा’ हे नामाचे षष्ठीचे रूप. पण ते ‘चांगला, चांगली, चांगले’ याप्रमाणे पुढच्या नामाच्या लिंगानुसार बदलते, म्हणजे वागते विशेषणासारखे. इंग्रजीतल्या षष्ठीला हा त्रास नाही, कारण ती पुढचे नाम पाहून बदलत नाही.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. पुढे अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहिला. संस्कृत आणि इंग्रजी हे दोन्ही चष्मे उतरवून मराठीकडे पाहावे, हा आग्रह अभ्यासकांत वाढत गेला. शाळेच्या पुस्तकातल्या जाती मात्र अजून आठच आहेत, आणि ‘मालाडचा’ कोणत्या खान्यात टाकायचा, यावर वाद घालायला आजही जागा आहे.