चिखलीची वाट कोणाच्या पायांनी तुडवली?

गावाच्या वाहतुकीचा इतिहास सांगताना लोक बैलगाडीपासून सुरुवात करतात. मग कच्चा रस्ता, एस.टी., पूल, आता मेट्रो. पण बैलगाडी ज्याच्या दावणीला बैल त्याची. आम्ही तिच्याही मागे जातो.

गावाचा निरोप परगावी पोचवणे, मयताची खबर पाहुण्यांना सांगणे, वसुलाचा भरणा तालुक्याला नेणे, आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे, हे सगळे महाराच्या पायांवर चालले होते. टपाल, वाटाड्या आणि हमाली ही तिन्ही खाती एकाच जातीच्या माथी! मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि शिळीपाकी भाकरी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच वेठबिगारीविरुद्ध. प्रत्यक्षात वतन रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

आता चिखली पाहा. इंद्रायणीकाठचे, देहू आणि आळंदी यांच्या मधले हे गाव. वारकरी त्याला टाळगाव म्हणतात. वारीच्या वाटेवर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. त्याच वाटेने भरणा घेऊन जाणाऱ्यावर किती पाने खर्ची पडली?

1858 मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली. ती चिखलीला आली नाही. आजही चिंचवड किंवा आकुर्डी गाठावे लागते. पण रेल्वे आणि लष्करी डेपो यांनी आमच्या माणसाला महिन्याचा पगार दिला आणि पाटलाच्या हाकेबाहेर नेले. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती देहूरोडला. रेल्वे आणि डेपोच्या कामगारवस्तीचे ते ठिकाण, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. गाव सोडा, असे बाबासाहेब सांगत होते, आणि गाव सोडायला वाट लागते.

पुढे गावच शहर झाले. पिंपरी-चिंचवड 1970 साली नगरपालिका, 1982 साली महानगरपालिका, आणि 1997 च्या हद्दवाढीत चिखली तिच्यात गेली. शहराची लोकसंख्या 1991 मध्ये 5.17 लाख होती, 2001 मध्ये 10.06 लाख, 2011 मध्ये 17.27 लाख. यातली काही वाढ हद्दीची, पण बरीचशी पोटासाठी आलेल्यांची: मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार. रस्ते रुंद झाले ते आधी तळवडे-चाकणच्या मालासाठी. माणसासाठी 2007 मध्ये दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. कायम कामगाराला कंपनीची बस नेते. कंत्राटी कामगार पाळी सुटल्यावर थांब्यावर उभा असतो, नाहीतर सरळ चालायला लागतो. ओझे आणि चालणे यांची जुनी जोडी अजून फुटलेली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलीच्याच कुदळवाडीत भंगाराची गोदामे आणि पत्राशेड महापालिकेने जमीनदोस्त केली. तिथे राबणारा जो कोणी 2011 नंतर आला, तो या शहराच्या कोणत्याच जनगणनेत नाही, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही.

शहरातील अनुसूचित जातींची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे 2,73,810. याच आकड्यावर 2017 मध्ये महापालिकेच्या 128 पैकी 20 जागा आरक्षित झाल्या. मित्रांनो, धर्म बौद्ध लिहिला आणि जातीचा रकाना मोकळा सोडला, तर तो माणूस या आकड्यातून गळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्यामुळे दोन्ही रकाने भरण्यात धम्माशी कसलीही गद्दारी नाही. या मुद्द्यावर आपल्या चळवळीतच भांडणे होतात, त्यांना आमचे हे उत्तर.

आणखी एक. 2011 च्या फॉर्ममध्ये कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तिथे कसे जाता, हेही विचारले होते: पायी, सायकल, दुचाकी, बस, रेल्वे. नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे आणि तीत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. हा प्रवासाचा प्रश्न तीतही राहिला पाहिजे, आणि जात व प्रवास यांचा एकत्र तक्ता प्रभागवार प्रसिद्ध झाला पाहिजे, ही आमची मागणी आहे. चिखलीत कामावर पायी कोण जातो, ते सरकारी कागदावर येऊ द्या.