आणा : रुपयाच्या सोळाव्या हिश्श्याची कहाणी

एखादी गोष्ट शंभर टक्के खरी असेल, तर मराठी माणूस ती ‘सोळा आणे खरी’ असल्याचे सांगतो. ज्या आण्यावर हा वाक्प्रचार उभा आहे, तो व्यवहारातून बाद होऊन कित्येक दशके लोटली. भाषेत आणि सरकारी दप्तरात मात्र तो टिकून राहिला.

आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै. म्हणजेच एका रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै होत. सोळा ही संख्या पुन:पुन्हा निम्मी करता येते, ही या पद्धतीची सोय होती. रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार आण्यांची पावली आणि पावलीचा अर्धा म्हणजे दोन आण्यांची चवली. शाळेत पाठ करून घेतल्या जाणाऱ्या पावकी, निमकी, पाऊणकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांचा बाजारात रोज उपयोग होई.

नाणे उशिरा आले

विशेष म्हणजे, आणा हे दीर्घकाळ प्रामुख्याने हिशेबाचे परिमाण होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी ठरविली. त्यांत तांब्याची अर्धा आणा आणि पाव आणा ही नाणी होती. पण एक आण्याचे नाणे नव्हते. १८५४ मध्ये एक आण्याचे टपाल तिकीट निघाले, तेव्हाही त्या किमतीचे नाणे अस्तित्वात नव्हते.

हे नाणे आले ते सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १९०७ मध्ये. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे हे नाणे मुंबईच्या टाकसाळीत पाडले गेले. त्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या एक तृतीयांश होते. त्याची कड गोल नसून नागमोडी होती, त्यामुळे अंधारातही ते हाताला ओळखू येई. अनेक भाषक मुलखात चालणारे नाणे म्हणून त्यावर किंमत नागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू लिपींतही कोरलेली होती.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये चांदीच्या चवलीची जागा चौकोनी मिश्रधातूच्या नाण्याने घेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, आणा निकेलमिश्रित पितळेचा झाला. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९५० रोजी नवी मालिका आली. राजाच्या मुद्रेच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले आणि आण्याच्या मागील बाजूस बैल झळकला.

सव्वासहा पैशांचा पेच

१९५५ मध्ये संसदेने दशमान पद्धतीचा कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावलीचे २५ नवे पैसे सरळ होत होते. पण एका आण्याचे होत होते सव्वासहा. अधिकृत कोष्टकाने हा पेच असा सोडविला : एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ नवे पैसे. त्यामुळे एकेक आणा चार वेळा दिला, तर २४ नवे पैसेच हिशेबात येत. एकदम चार आणे दिले, तर पुरते २५ मिळत. ज्याचा सारा व्यवहारच एकेका आण्याचा होता, त्या गरिबाला हा फरक जाणवणारा होता. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी एकत्र चालली. १९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषण गळून केवळ ‘पैसा’ उरला.

तरीही २५ पैशांना लोक ‘चार आणे’च म्हणत राहिले. ३० जून २०११ रोजी ते नाणेही चलनातून बाद झाले. जमिनीच्या जुन्या नोंदींत मात्र भाऊबंदांचे हिस्से आणे-पै मध्येच लिहिलेले आढळतात. पूर्ण पीक सोळा आणे धरून उत्पन्नाचा अंदाज काढण्याची रीत ती ‘आणेवारी’. पुढे तिचे अधिकृत नाव ‘पैसेवारी’ झाले आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होई. गावोगावचा शेतकरी तिला आजही आणेवारीच म्हणतो. बाजाराने टाकून दिलेला आणा शेताच्या बांधावर असा जिवंत राहिला आहे.