ठिपक्यांमागचा क

परवा रात्री नांदेडहून काकांचा फोन. "अरे, पासवर्ड बरोबरच टाकायलोय, तरी चूक म्हणायलंय!" मुलगी लातूरला बारावीला, आणि तिच्या फॉर्मची ही शेवटची रात्र. पाच संधींपैकी चार संपलेल्या. म्हटलं, थांबा, आता काहीच टाकू नका.

पासवर्डची सुरुवात झाली १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटीत. तिथे सीटीएसएस या सिस्टिमवर एकच कॉम्प्युटर बरेच जण वाटून वापरायचे. ज्याच्या फायली त्याच्याकडे राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ साली अॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली! शेजाऱ्याने डोकावू नये म्हणून अक्षरं लपवायची पद्धतही पुढे रुळली.

इकडे १९९१ च्या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला. बटणं तीच, लिप्या दोन. इंग्रजी 'के'च्या बटणावर आपला 'क'. पत्र लिहिताना चूक लगेच दिसते, पण पासवर्डच्या ठिपक्यांत दोन्ही सारखेच. दोन्ही सोयी शहाणपणाच्या, पण एकत्र आल्या की घोळ.

"काका, नोटपॅड उघडा आणि पासवर्ड तिथे टाइप करा."

"आँ? हे तर मराठीच यायलंय की!"

दुपारी त्यांनी मराठीत एक पत्र लिहिलं होतं. डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं. पाचव्या वेळी लॉगिन झालं, फॉर्म गेला. नोटपॅडमधला पासवर्ड मात्र आठवणीने पुसायला लावला. न जाणो, नांदेडातही एखादा शेर असायचा :)