पद्मिनी विरुद्ध ऑक्टाव्हिया: चाळीस घोडे आणि दोनशे पंचेचाळीस घोडे

आजचा भाग एका वादातून सुचला. मित्र म्हणाला, "पद्मिनी म्हणजे नुसता डबा रे! खरी सेडान ऑक्टाव्हिया आरएस." मला रागच आला. काळी-पिवळीच्या पुढच्या अखंड सीटवर, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसून मी मुंबई पाहिली आहे. पण राग म्हणजे काही इतिहास नाही. म्हटलं, आधी आकडे काढू.

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीवर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 245 भारतात 2020 मध्ये आली, फक्त 200 गाड्या. इंजिन 1984 सीसीचं, ताकद 245. शून्यावरून शंभरचा वेग 6.6 सेकंदांत!

आता गंमत बघा. इंजिन दुप्पटही मोठं नाही, पण ताकद सहापट. कारण टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल अगदी मोजून देतो. पद्मिनीत हवा-पेट्रोलाचं मिश्रण एक साधा कार्ब्युरेटर करायचा.

मग आपले इंजिनियर कच्चे होते का? नाही हो. खरी गोष्ट वेगळीच आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली. 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीत फियाटने 1100 ची ही पिढी 1960 च्या दशकातच बंद केली. आपल्याकडे मात्र ती 2000 च्या आसपासपर्यंत बनत राहिली!

कारण होतं लायसन्स राज. गाड्या किती बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि आयात जवळपास बंद. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. गिऱ्हाईक रांगेत उभंच असेल, तर गाडी सुधारायची घाई कोणाला? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तेव्हा कुठे स्पर्धा सुरू झाली.

पण याच थांबलेपणाची दुसरी बाजूही आहे. गाडी बदलली नाही म्हणून सुटे भाग बदलले नाहीत, आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही ती तोंडपाठ झाली. टॅक्सीवाल्याला हेच हवं होतं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली.

मग जिंकलं कोण? खरं सांगू, आज घरच्या लहान मुलाला घेऊन घाट चढायचा असेल तर मी एबीएस आणि एअरबॅगवाली ऑक्टाव्हियाच निवडेन. मित्र तेवढा बरोबर. पण "डबा" हा शब्द मला मान्य नाही. पद्मिनी हळू होती कारण देशाने तिला पळायची गरजच ठेवली नव्हती. तरी तिने हजारो टॅक्सीवाल्यांची घरं चालवली. 245 घोड्यांना हे काम अजून जमलेलं नाही!

तुमच्या घरात कोणी फियाटसाठी नंबर लावला होता का? आज आजोबांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!