मताचा अधिकार आणि घराचा पत्ता

निवडणूक जवळ आली म्हणजे घरोघरीं उमेदवारांची चर्चा सुरू होते. कोण निवडून येईल, कोणत्या पक्षांत फूट पडेल, कोणाची सभा मोठी झाली, याविषयीं लहानथोर सारेच आपापलें मत सांगतात. परंतु जिच्यांत नांव असल्याखेरीज हें मत पेटींत किंवा यंत्रांत उतरूंच शकत नाहीं, त्या मतदारयादीची आठवण बहुतेकांना मतदानाच्या दिवशीं सकाळीं होते. ज्याचें नांव मतदारसंघाच्या यादींत नाहीं त्याला तेथें मत देतां येणार नाहीं, असें १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांत स्वच्छ म्हटलें आहे. राज्यघटनेनें दिलेला अधिकार ही एक गोष्ट, व तो बजावण्याचें दार ही दुसरी गोष्ट. हें दार ठाणें, कल्याण व डोंबिवली या आपल्या भागांत कसकसें उघडत गेलें आणि आज तें कोठें अडतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. याच काळांत, १८५५ सालीं कल्याणास व १८६३ सालीं ठाण्यास, म्युनिसिपालिटी स्थापन झाली. आरंभीं या संस्थांवर सरकारी अधिकाऱ्यांचा व सरकारनें नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांचा वरचष्मा होता. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला आणि १८८४ सालीं मुंबई इलाख्यांतील जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा नवा कायदा झाला. लोकांनीं निवडून दिलेले सभासद हळूहळू वाढूं लागले. परंतु ‘लोक’ या शब्दाची व्याप्ति तेव्हां फार संकुचित होती. ज्याच्या नांवें घर, जमीन किंवा कराची पावती, तोच बहुधा मतदार. गांवच्या कारभाराचा खर्च जो सोसतो त्यालाच त्याविषयीं बोलण्याचा हक्क, अशी त्यामागील विचारसरणी होती. रस्ता झाडणाऱ्याचा किंवा बंदरावर हमाली करणाऱ्याचा गांवाशीं संबंध नव्हता असें नाहीं. पण त्या संबंधाची नोंद होईल असा रकानाच त्या यादींत नव्हता.

प्रांतिक कायदेमंडळाच्या बाबतींत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. १९१९ च्या सुधारणांनंतर सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत प्रांतिक मताधिकार मिळाला तो सुमारें पन्नास लाख लोकांना. मुंबई कायदेमंडळानें १९२१ सालीं स्त्रियांवरील बंदी दूर केली खरी, पण मालमत्तेची अट कायम राहिल्यामुळें स्वतःच्या नांवावर कांहीं नसलेल्या गृहिणीस त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. १९३५ च्या कायद्यानें मतदारांची संख्या तीन कोटींच्या वर नेली. कित्येक प्रांतांत पतीच्या मालमत्तेवरून पत्नीस मत मिळालें, शिक्षणाच्या पात्रतेवरूनही मिळालें. तथापि कांहीं तरी असल्याशिवाय मत नाहीं, हें मूळ सूत्र ढळलें नाहीं.

या सूत्रावर पहिल्यापासून आघात करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें साक्ष देतांना त्यांनीं मताधिकाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, व १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें प्रौढ मताधिकाराची स्पष्ट मागणी केली. आधीं लोक शहाणे होऊं द्या, मग त्यांना मत द्या, असें म्हणणाऱ्यांना त्यांचें उत्तर असें कीं, राज्यकारभारांत भाग घेणें हेंच एक शिक्षण आहे. तें नाकारून माणूस शहाणा होण्याची वाट पाहणें म्हणजे पाण्यांत न उतरवितां पोहणें शिकविण्यासारखें आहे. हा दृष्टान्त आमचा असला तरी मुद्दा त्यांचा आहे.

स्वातंत्र्यानंतर जें घडलें त्याची कल्पना आज सहजासहजीं येणार नाहीं. राज्यघटना अजून लिहून पुरी झाली नव्हती, तोंच घटनासमितीच्या कचेरीनें प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर याद्या तयार करण्याचें काम हातीं घेतलें. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचें नांव घरोघर जाऊन लिहावयाचें होतें. अनेक प्रांतांत स्त्रिया आपलें नांव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेंच सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि त्यामुळें सुमारें अठ्ठावीस लक्ष स्त्रियांचीं नांवें पहिल्या निवडणुकीच्या याद्यांतून गळलीं. निर्णय कठोर होता. परंतु मतदार ही कोणाची तरी कोणी नसून स्वतःच्या नांवाची व्यक्ति आहे, हें त्यानें एकदां ठरवून टाकलें.

दुसरा प्रश्न आपल्या अगदीं दारांतला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं हजारों कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘कल्याण कँपां’त, येऊन राहिलीं. याच वसाहतीला १९४९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगर हें नांव मिळालें. यादींत नांव येण्यास त्या ठिकाणीं एकशें ऐंशी दिवसांचें वास्तव्य हवें, असा नियम ठरला होता. ज्याचें घरच सीमेपलीकडे राहिलें त्यानें हे दिवस कोठून मोजून दाखवावे? देशांत ठिकठिकाणच्या निर्वासितांकडून अर्ज व तक्रारी गेल्या. त्यावर घटनासमितीच्या कचेरीनें ठरविलें कीं, या गांवीं कायमचें राहण्याचा आपला मानस आहे एवढें निर्वासितानें लिहून दिलें म्हणजे त्याचें नांव यादींत घ्यावें. दिवसांचा हिशेब मागूं नये. ज्याच्याजवळ ना घर, ना जमीन, ना कराची पावती, त्याचा नुसता शब्द नोंदीस पुरेसा मानला गेला. मतदारयादीच्या इतिहासांत याहून मोठी क्रान्ति आम्हांस दिसत नाहीं.

तरीही धोका संपला नव्हता. १९४९ च्या जूनमध्यें निवडणूक आयोगाविषयींचें कलम मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं घटनासमितीस सांगितलें कीं, वंश, संस्कृति किंवा भाषा यांनीं निराळ्या असलेल्या लोकांचीं नांवें यादींत येऊं नयेत असे प्रयत्न कांहीं प्रांतांत चालू आहेत. म्हणून याद्यांचें काम प्रांतिक सरकारांच्या हातीं न ठेवतां एका स्वतंत्र आयोगाकडे सोंपविलें गेलें. मत हिरावण्यासाठीं कायदा बदलावा लागत नाहीं, यादींतील एक ओळ गाळली तरी पुरतें, हें घटनाकारांना पुरतें ठाऊक होतें.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांत या साऱ्या अनुभवाचें सार आहे. यादींत नांव येण्यास माणूस मतदारसंघांत ‘सर्वसाधारणपणें राहणारा’ असावा, असें त्यांत म्हटलें. एखाद्याचें तेथें घर आहे किंवा घर त्याच्या ताब्यांत आहे, एवढ्याच कारणावरून तो तेथला रहिवासी मानूं नये, असेंही विसाव्या कलमांत घातलें. वाचकांनीं हें वाक्य १८८४ च्या कल्पनेशेजारीं ठेवून पाहावें. तेव्हां घर होतें म्हणून मत होतें. आतां नुसतें घर असून भागत नाहीं, राहिलें पाहिजे. मालक आणि भाडेकरू यांना कायद्यानें एका ओळींत बसविलें. आज बेघर माणसाचें नांवही, तो रात्रीं जेथें निजतो तें ठिकाण अधिकाऱ्यानें रात्रीं जाऊन पाहिलें म्हणजे, यादींत घेतां येतें.

मत देण्याच्या पद्धतीही बदलल्या. १९५१–५२ च्या पहिल्या निवडणुकींत यादींत सुमारें सतरा कोटी मतदार होते व त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लाविलें होतें. त्या पोलादी पेट्यांपैकीं बारा लाखांहून अधिक पेट्या ठाण्याच्या अलीकडल्या विक्रोळीस, गोदरेजच्या कारखान्यांत, तयार झाल्या. १९६२ पासून एकाच कागदावर शिक्का मारण्याची रीत रूढ झाली, व २००४ च्या लोकसभा निवडणुकींत सर्वत्र यंत्रें आलीं. आतां बटण दाबल्यावर शेजारच्या कांचेआड आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. जे पंचाऐंशी वर्षांचे आहेत किंवा ज्यांचें अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी नाहीं, त्यांना अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत ‘१२ ड’ नमुन्यांत अर्ज करून घरींच मत देतां येतें. सैनिक व निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी यांना टपालाची सोय आहे. परदेशांत राहणाऱ्या भारतीय नागरिकास नांव नोंदवितां येतें, पण मतासाठीं स्वतः येथें यावें लागतें. आपल्या नांवावर दुसरा कोणी मत देऊन गेला असें केंद्रावर आढळलें, तर ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागण्याचा हक्क आहे. मुकाट्यानें परत फिरण्याचें कारण नाहीं. कचेरींत किंवा कारखान्यांत काम करणाऱ्यांस त्या दिवशीं पगारी सुटी देण्याचें बंधन कायद्यानेंच घातलें आहे.

मग अडतें कोठें? आमच्या मतें तें घराच्या पत्त्यापाशीं अडतें. ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं येऊन राहिलेल्या माणसांचीं शहरें आहेत. गिरगांव, परळ, दादर येथील चाळींतून माणसें डोंबिवलीस आलीं, कोंकणांतून व देशावरून आलीं. जागा पुरेना तेव्हां पुढें बदलापूर, टिटवाळ्यापर्यंत गेलीं. जुनी इमारत पाडून नवी होईपर्यंत सबंध बिऱ्हाडें दोनतीन वर्षें दुसरीकडे राहतात; भाड्याचा करार अकरा महिन्यांत संपतो; मुलगी लग्न होऊन सासरीं जाते, तिचें नांव माहेरच्या यादींत राहतें. माणूस हलतो आणि नांव मागें राहतें. २००९ पासून कल्याण पूर्व हा विभाग कल्याण लोकसभा मतदारसंघांत, तर कल्याण पश्चिम भिवंडींत आहे; म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून बिऱ्हाड पलीकडे नेलें तरी खासदार बदलतो.

कल्याण मतदारसंघांत २०१९ सालीं सुमारें पंचेचाळीस व २०२४ सालीं सुमारें पन्नास टक्के मतदान झालें. हे आंकडे पाहून सुशिक्षितांच्या उदासीनतेवर कोरडे ओढण्याची रीत पडली आहे, आणि तीत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सलग सुटी मिळाली कीं गांवीं निघून जाणारीं कुटुंबें आपल्या सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु ज्या यादीशीं हे टक्के ताडले जातात तिच्यांत स्थलांतर केलेल्यांचीं व वारलेल्यांचीं नांवें असतात, आणि जे आज खरोखर येथें राहतात त्यांतील कित्येकांचीं नसतात. त्यामुळें उदासीन माणूस आणि दारांतून परतलेला माणूस, दोघेही एकाच आंकड्यांत गाडले जातात.

यावरील उपाय अवघड नाहीं. १९८९ पासून मतदाराचें वय अठरा झालें आहे, व २०२२ पासून त्यासाठीं वर्षांतून चार तारखा धरल्या जातात: जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांची पहिली. नवें नांव घालण्यास नमुना ६, गळावयाचें नांव काढण्यास नमुना ७, पत्ता बदलण्यास किंवा चूक दुरुस्त करण्यास नमुना ८. एवढें घरांतील प्रत्येकाला पाठ असावें. दोन ठिकाणीं नांव ठेवणें कायद्यास मान्य नाहीं. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरती यादी मिटते, म्हणून मतदानाच्या सकाळीं केलेली धांवपळ व्यर्थ जाते. पत्ता बदलल्याच्या कारणावरून नांव काढावयाचें तर अधिकाऱ्यानें त्या माणसाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. दिल्ली व मुंबई येथील मतदारांच्या प्रकरणांत १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, ज्याचें नांव आधींच यादींत आहे त्याला संशयावरून बाहेर काढतां येत नाहीं. छायाचित्राचें ओळखपत्र खिशांत आहे एवढ्यानें मात्र स्वस्थ राहूं नये. ओळखपत्र म्हणजे यादी नव्हे.

महानगरपालिकेसाठीं वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणें विभागली जाते. कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनीं २०१५ नंतर आणि ठाणेंकरांनीं २०१७ नंतर आपले नगरसेवक निवडले ते एकदम २०२६ च्या जानेवारींत. इतक्या वर्षांनीं आलेली संधि, शेजारच्या गल्लींत बिऱ्हाड हलविल्यावर एक नमुना भरावयाचा राहिला एवढ्याकरितां कोणाची हुकली असेल, तर पाणी, कचरा, रस्ते या त्याच्या दाराशींच्या गोष्टींवर तो आणखी पांच वर्षें मुका राहिला.

कल्याण कँपांतील निर्वासितानें येथें राहण्याचा मानस लिहून दिला, तेव्हां त्याच्या डोक्यावर लष्करी बराकीचें छप्पर होतें आणि उद्यांची भाकरी कोठून येईल हें त्याला ठाऊक नव्हतें. ज्यांच्या नांवावर आज सदनिका आहेत, ज्यांच्या मुलांनीं नागरिकशास्त्राचे धडे घोकले आहेत, त्यांनीं नव्या घरीं गृहप्रवेशाचा नारळ फोडल्यावर त्याच आठवड्यांत यादींतील पत्ताही बदलून घ्यावा, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे.